उरणच्या मोहमद्याच्या भट्ट्या

मुंबई बंदरापलीकडील करंजा बेटावर वसलेले उरण आज अन्य उद्योगांमुळे ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र मिठागरांबरोबरच मोहाच्या दारूच्या भट्ट्या ही त्याची ख्याती होती. मुंबई शहराला आणि उत्तर कोकणाला होणाऱ्या देशी दारूच्या पुरवठ्याचे ते प्रमुख केंद्र होते. या भट्ट्या पारशी व्यावसायिकांच्या हाती होत्या.

निर्मितीची रीत साधी होती. मोहाची वाळलेली फुले पाण्यात भिजवून आंबवीत व ते आंबवण भट्टीवर चढवून त्याचे ऊर्ध्वपातन करीत. तयार मद्य प्रमाण-तीव्रतेच्या खाली 25 व 60 अंश अशा दोन प्रतींत बाहेर पडे. कर तीव्रतेनुसार व गॅलनवारीने आकारावयाचा, तर प्रत्येक थेंब सरकारी नजरेखालून जाणे अवश्य होते. गावोगावच्या विखुरलेल्या भट्ट्यांवर अशी देखरेख अशक्य होती. मुंबई अबकारी कायद्याने (1878) उत्पादनाच्या केंद्रीकरणाला बळ मिळाले, त्याचे मर्म येथेच आहे. 1892 च्या मोह-कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या साठ्यावर व विक्रीवरही निर्बंध आले. जे फूल कातकरी-ठाकरांचे दुष्काळातील अन्न, तेच आता गुन्ह्याचा पुरावा ठरू लागले.

येथे स्कॉटलंडशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे 1823 च्या कायद्याने कर निम्म्याहून अधिक उतरविला व वार्षिक 10 पौंडांत परवाना देऊ केला. त्यामुळे चोरून दारू गाळणारे अनेकजण परवानाधारक कारखानदार झाले. मुंबई इलाख्यात धोरण उलट होते: कर चढत गेला आणि घरगुती गाळणारा बाहेरच राहिला.

दोहोंचा शेवटही भिन्न आहे. आयला बेटावरील पोर्ट एलनची भट्टी 1983 मध्ये मंदीमुळे बंद पडली. परंतु तिचे शिल्लक मद्य दुर्मीळ म्हणून गाजत राहिले व 2024 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मोहमद्य मुरवून साठविण्याची परंपरा नव्हती, त्यामुळे उरणचा असा वारसा उरला नाही. पुढे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मोहाच्या दारूचा अधिकृत व्यापारच मोडीत निघाला.

उरणविषयी जे लिखित साधन उपलब्ध आहे ते मुख्यतः कर वसूल करणाऱ्यांचे आहे. त्यात गॅलन व रुपये यांचा हिशेब चोख सापडतो. फुले वेचणारे व भट्टीवर राबणारे हात मात्र क्वचितच दिसतात. या भट्ट्यांचा इतिहास लिहिताना ही उणीव ध्यानी घेणे अगत्याचे आहे.