डायल-अप जोडणीतील दोषशोधन : गांधीबागेतील एका पेढीच्या उदाहरणाने

कोणतीही यंत्रव्यवस्था बंद पडली म्हणजे उपभोक्त्याच्या मनात प्रथम उभा राहतो तो ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न. शास्त्रीय दृष्टीने पाहता त्याच्या आधी ‘दोष कोठे?’ हा प्रश्न विचारावयास हवा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तर्काने देता येत नाही. दुसऱ्याचे देता येते. दूरध्वनीच्या तारेवरून संगणकाला इंटरनेटशी जोडणारी जी डायल-अप पद्धती एके काळी घरोघरी रूढ होती, तिच्या इतका या भेदाचा चांगला वस्तुपाठ क्वचितच सापडेल. या पद्धतीत जोडणीचा प्रत्येक टप्पा स्वतंत्र असून प्रत्येकाचे अपयश वेगळ्या खुणेने प्रकट होते. त्या खुणा क्रमाने वाचता आल्या तर दोष बहुधा नवे यंत्र विकत न घेताच सापडतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो क्रम हा आहे.

पूर्वपीठिका

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तत्पूर्वी ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याद्वारे काही निवडक संस्थांना ही सोय उपलब्ध होती; मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था ही त्यांपैकी एक होय. १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला आणि १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगमाची स्थापना झाल्यावर मुंबई-दिल्लीबाहेरच्या शहरांतही ही सेवा झपाट्याने पसरली. निगमाचा १७२२३३ हा क्रमांक फिरविला असता, स्वतंत्र खाते न घेताही जोडणी मिळे व तिचा आकार दूरध्वनीच्या बिलात चढे. पुढे ब्रॉडबँड आली आणि ही पद्धती मागे पडली. अमेरिकेतील ‘एओएल’ या प्रसिद्ध कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. यंत्र इतिहासजमा होत असले, तरी त्याच्या दोषशोधनात जी विचारपद्धती वापरली जाई ती मात्र कालबाह्य झालेली नाही.

उदाहरणाची मांडणी

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. नागपूरच्या मध्यभागी, महाल व इतवारी यांच्या शेजारी असलेला गांधीबाग हा भाग घाऊक कापडबाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे खाली पेढी व वर बिऱ्हाड अशी एक जुनी दुमजली इमारत आहे असे समजावे. काळ २००२ च्या सुमाराचा. दूरध्वनीची तार खांबावरील पेटीतून भिंतीच्या कडेने आत येते. तिचा एक फाटा गल्ल्याजवळच्या फोनला, दुसरा माडीवरील फोनला व तिसरा मागील खोलीतील संगणकाला गेलेला आहे. तक्रार अशी की, सकाळी जोडणी बरी चालते. सायंकाळी मात्र ती लागते आणि काही मिनिटांत तुटते. सुरत किंवा भिवंडीच्या व्यापाऱ्याला पाठवावयाचे पत्र अर्धवट राहते; घरातील मुलाचा विद्यापीठाचा निकाल पडद्यावर अर्धाच उमटतो; आणि प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक बिल वाढत जाते. दुरुस्तीवाल्याने एकदा संगणकातील सर्व आज्ञावली पुसून पुन्हा भरली व एकदा मोडेमच बदलला. तक्रार जशीच्या तशी राहिली.

मार्गाचे पाच टप्पे

संगणकाची भाषा अंकीय, तर दूरध्वनीची तार ध्वनीसदृश विद्युत्‌लहरी वाहून नेण्यासाठी घातलेली. अंकांचे ध्वनीत व ध्वनीचे पुन्हा अंकांत रूपांतर करणारे उपकरण म्हणजे मोडेम. यावरून जोडणीचे पाच टप्पे पडतात : संगणक व मोडेम यांचा परस्परसंबंध, मोडेम व दूरध्वनी केंद्र यांचा संबंध, आपला मोडेम व सेवादात्याचा मोडेम यांची परस्परओळख, ग्राहकाच्या नावाची व परवलीच्या शब्दाची तपासणी, आणि शेवटी पत्त्यांची देवाणघेवाण. मागचा टप्पा पार पडल्याखेरीज पुढचा सुरूच होत नाही. म्हणून कोणत्या टप्प्यापर्यंत काम सुरळीत झाले हे निश्चित केले की त्याच्या मागील सर्व भाग तेवढ्यापुरते निर्दोष ठरतात.

पहिला टप्पा. संगणकाने आज्ञा दिली असता मोडेमने होकार द्यावा, एवढीच येथे अपेक्षा. तो मिळत नसेल तर दूरध्वनीच्या तारेचा विचार करण्याचे कारण नाही. जुन्या संगणकांत येथे एक ठराविक घोटाळा होई. ‘कॉम’ नावाच्या चार द्वारांपैकी पहिले व तिसरे एकाच संकेतरेषेवर, तर दुसरे व चौथे दुसऱ्या एकाच संकेतरेषेवर चालत. माऊस पहिल्या द्वाराला व मोडेम तिसऱ्याला असला की एकाच्या हालचालीने दुसरा मुका होई. अशा वेळी यंत्र निर्दोष असून मांडणी सदोष असते. तसेच विंडोज प्रणालीने ६३३ हा क्रमांक दाखविला तर द्वार दुसऱ्या कोणत्या तरी आज्ञावलीने अडविले आहे असा बहुधा त्याचा अर्थ होतो.

दुसरा टप्पा. रिसीव्हर उचलण्यापूर्वी तारेवर सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो. मोडेमने तार ‘उचलली’ की तो काही व्होल्टवर उतरतो व केंद्राकडून डायल-टोन येतो. ‘६८०, डायल-टोन नाही’ असा संदेश आला तर साधा फोन त्याच सॉकेटात लावून ऐकावे. फोनवरही टोन नसेल तर दोष तारेत किंवा केंद्रात आहे. फोनवर टोन स्पष्ट असूनही मोडेमला तो ‘ऐकू’ येत नसेल, तर कारण वेगळे आहे. अमेरिकेतील डायल-टोन ३५० व ४४० हर्ट्झ या दोन स्वरांचा असतो. भारतातील टोन हा २५ हर्ट्झने कंपित केलेला ४०० हर्ट्झचा स्वर असतो. परदेशी बाजारासाठी सिद्ध केलेला मोडेम हा स्वर ओळखण्यास चुके. त्यावरील उपाय म्हणजे ‘टोनची वाट पाहून मग क्रमांक फिरवावा’ ही सूचना काढून टाकणे, अथवा मोडेमला ‘एक्स-३’ ही आज्ञा देणे. या आज्ञेमुळे मोडेम टोनसाठी अडून राहत नाही, मात्र ‘क्रमांक गुंतलेला’ हा संकेत ओळखतो. पेढीवर इंटरकॉमची पेटी असल्यास बाहेरची तार घेण्यासाठी आधी शून्य फिरवावे लागते. शून्यानंतर स्वल्पविराम घातल्यास मोडेम क्षणभर थांबतो व मग पुढील क्रमांक फिरवितो. क्रमांक फिरविल्यावर ६७६ आले तर समोरची रांग भरलेली आहे. ६७८ आले तर समोरून उत्तर आलेले नाही. या दोहोंत घरातील संगणक उलगडून पाहणे व्यर्थ होय.

तिसरा टप्पा. ज्यांनी ही पद्धती वापरली त्यांच्या कानात मोडेमची ती कर्कश किंकाळी अजून असेल. ती निरर्थक नव्हती. समोरचा मोडेम प्रथम २१०० हर्ट्झचा स्वर पाठवी. त्यामुळे मार्गावरील प्रतिध्वनी दडपणारी यंत्रणा बाजूस होई. नंतर दोन्ही मोडेम निरनिराळ्या स्वरांनी तार चाचपून पाहत आणि तिला सोसवेल असा वेग ठरवीत. मोडेमचा ध्वनिवर्धक बंद करणारा माणूस म्हणून एक बहुमोल साक्षीदार गमावीत असे. किंकाळी सुरू होऊन मध्येच पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर तारेत खरखर आहे हे ऐकूनच कळे.

वेग आणि गोंगाट

या टप्प्याचे गणित विशेष उद्‌बोधक आहे. दूरध्वनीची वाहिनी सामान्यतः ३०० ते ३४०० हर्ट्झ, म्हणजे सुमारे ३१०० हर्ट्झ रुंदीची असते. क्लॉड शॅनन याने १९४८ मध्ये सिद्ध केलेल्या सूत्रानुसार वाहिनीची कमाल क्षमता तिच्या रुंदीवर आणि संकेत व गोंगाट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. हे गुणोत्तर ३५ डेसिबल असेल तर क्षमता सेकंदाला सुमारे ३६,००० बिट येते. ते २५ डेसिबलवर घसरले तर क्षमता सुमारे २५,७०० होते. १९९० च्या दशकातील मोडेमचा ३३,६०० हा वेग या सीमेच्या किती निकट होता हे यावरून ध्यानात येईल. १९९८ च्या ‘व्ही. ९०’ मानकाने येणाऱ्या माहितीसाठी ५६,००० पर्यंत मजल मारली. पण त्यास अट अशी की सेवादात्यापासून ग्राहकाच्या केंद्रापर्यंतचा मार्ग संपूर्णपणे अंकीय असावा, म्हणजे रूपांतर एकदाच व्हावे. मध्ये आणखी एक रूपांतर आले की ही सवलत संपते.

हे आकडे व्यवहारात काय सांगतात? दहा लक्ष बाइटांची एक फाइल ३३,६०० या वेगाने सुमारे चार मिनिटांत येते. १४,४०० या वेगाने तिला नऊ मिनिटांहून अधिक लागतात. भिंतीवर हाताने पिळून जोडलेला व पावसाळ्यात गंजलेला एक सांधा अशा रीतीने पेढीच्या बिलात दिसू लागतो. येथे एक सावधगिरी हवी. पडद्यावर १,१५,२०० असा भव्य आकडा आला तर तो तारेवरील वेग नव्हे. संगणक व मोडेम यांच्यातील द्वाराचा तो वेग असतो. हा आकडा पाहून ‘तार उत्तम आहे’ असा निष्कर्ष काढणारे फसत.

चौथा व पाचवा टप्पा. मोडेमांची ओळख पटल्यावर ‘पी.पी.पी.’ या नियमावलीनुसार दोन्ही बाजूंत अटी ठरतात, नाव व परवलीचा शब्द तपासला जातो. ६९१ हा संदेश आला तर तारेला दोष देण्याचे कारण उरत नाही, कारण नकार कळविण्याइतकी तरी ती नीट चालली आहे. मुदत संपलेले खाते, चुकीचा शब्द किंवा चुकून दाबलेली मोठ्या अक्षरांची कळ, यांपैकी काही तरी कारण असते. ७२० आल्यास संगणकातील टीसीपी-आयपी या नियमावलीची मांडणी तपासावी. सर्व पार पडूनही पाने उघडत नसतील, तर एखाद्या दूरस्थ संगणकाला त्याच्या अंकी पत्त्याने हाक मारून पाहावी. अंकांनी उत्तर मिळते आणि नावाने मिळत नाही, असे झाल्यास जोडणी शाबूत असून नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी सेवा तेवढी चुकते आहे.

उदाहरणाची उकल

आता पुन्हा गांधीबागेतील पेढीकडे वळू. जोडणी लागते, नाव स्वीकारले जाते, पाने उघडतात. म्हणजे पाचही टप्पे एकदा तरी पार पडतात. आज्ञावली पुसून भरण्याचा उपाय याच कारणाने निष्फळ होता. चालू जोडणी मध्येच तुटते याचा अर्थ प्रथमदर्शनी असा की, ज्या वाहिनीवर सर्व उभे आहे तिच्यात, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या क्षेत्रात, व्यत्यय येतो. व्यत्यय सायंकाळीच का, हा पुढचा प्रश्न. उष्मा म्हणावा तर नागपूरच्या उन्हाळ्यात तो दुपारी अधिक. समोरची गर्दी म्हणावी तर तिने जोडणी लागताना अडचण यावी, लागल्यावर सहसा नव्हे. सायंकाळी बदलते ती घरातील वर्दळ.

परीक्षा अशी करावी. सर्व फाटे सोडवून मोडेम थेट तार घरात येते त्या पहिल्या सॉकेटाला लावावा व सायंकाळी जोडणी तासभर चालू ठेवावी. ती टिकली आणि वेग २४,००० वरून ३१,२०० वर गेला, तर बाहेरची तार, केंद्र, सेवादाता व संगणक हे सर्व एकाच प्रयोगाने निर्दोष ठरले. मग एकेक फाटा पुन्हा जोडावा. गल्ल्याचा फोन जोडला, फरक नाही. माडीचा फाटा जोडताच वेग घसरला, आणि माडीवर कोणी रिसीव्हर उचलताच जोडणी तुटली, तर उकल झाली. एकाच तारेवर समांतर लावलेला फोन उचलला की दाब बदलतो आणि मोडेमच्या संभाषणात ओरखडा उठतो. त्यातच त्या फाट्याचा सांधा गंजका. ‘कॉल वेटिंग’ची सोय चालू असेल तर मध्येच येणारा टोनही हेच करतो, ती सोय जोडणीपुरती बंद ठेवावी. उपाय म्हणजे नवा सांधा, आणि मोडेम चालू असता माडीचा फोन तोडणारी एक साधी कळ. नवा मोडेम विकत घेण्याची गरज मुळात नव्हतीच. वादळी पावसात मात्र तार मोडेममधून काढून ठेवणे इष्ट. विजेचा झटका वीजपुरवठ्याइतकाच दूरध्वनीच्या तारेवरूनही येतो.

निष्कर्ष

या उकलीत तीन तत्त्वे आहेत. मार्गाचे टप्पे पाडावेत व कोठवर काम झाले हे आधी ठरवावे. मार्ग मध्येच छेदून एका प्रयोगात अधिकात अधिक भाग निर्दोष ठरवावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दुरुस्तीवाल्याने या तिसऱ्या तत्त्वाचा भंग केला. आज्ञावली आणि मोडेम बदलूनही तक्रार राहिली यातून त्याला ‘दोष तेथे नाही’ हे ज्ञान मिळावयास हवे होते. पण कोणते अनुमान तपासावयाचे हे आधी ठरलेले नसल्याने तो बदल प्रयोग न ठरता केवळ खर्च ठरला.

आजच्या प्रकाशतंतूच्या जोडणीत किंकाळी ऐकू येत नाही आणि टप्पे डोळ्यांआड गेले आहेत. तरीही ते आहेतच : घरातील बिनतारी दुवा, राउटर, तंतू, ओळखीची तपासणी, नावांची सेवा. जोडणी तुटली की राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याची सवय सर्वत्र आहे, आणि पुष्कळदा तिने काम भागते. पण दोष कोठे होता हे तिने कधीच कळत नाही. म्हणून तो परत येतो. डायल-अपच्या काळात प्रत्येक मिनिटाला मोल मोजावे लागे, त्यामुळे कारण शोधणे भाग पडे. ज्याला प्रयोगशाळेत किंवा क्षेत्रात उपकरणे हाताळावयाची आहेत, त्याने ती शिस्त स्वेच्छेने अंगी बाणविणे अगत्याचे आहे.