किडनीच्या आजारात घराण्याचा वाटा

तुंगार्लीतल्या एखाद्या घरात कुणाची किडनी निकामी झाली आणि प्रत्यारोपणाचा विषय निघाला, की पहिली नजर भावंडांकडे जाते. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानेही भावंडांना जवळचे नातेवाईक मानले आहे. पण आजार आनुवंशिक असेल, तर आजचा दाताच उद्याचा रुग्ण असू शकतो!

किडनीत पाण्याच्या गाठी वाढवणारा पॉलिसिस्टिक आजार हे याचे ठळक उदाहरण. बहुतेक घराण्यांत दोष पीकेडी-1 किंवा पीकेडी-2 या जनुकात असतो. आईवडिलांपैकी एकाला तो असला, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता 50 टक्के. पीकेडी-2 मध्ये किडनी तुलनेने बरीच उशिरा निकामी होते. तरुण वयात सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त होता येत नाही, म्हणूनच दात्याची जनुकीय तपासणी मोलाची.

सगळी आनुवंशिकता इतकी थेट नसते. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणारे एपीओएल-1 जनुकाचे काही प्रकार निद्रारोगाच्या परजीवीपासून संरक्षण देतात, मात्र दोन्ही पालकांकडून आले तर किडनीचा धोका वाढवतात. हे 2010मध्ये उघड झाले. तरीही अशा सगळ्यांनाच आजार होत नाही.

आपल्याकडे मोठी कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच. पण तोच मधुमेह एकाची किडनी पोखरतो, दुसऱ्याची नाही, यात अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो. घरात कुणाला डायलिसिस लागले असेल, तर बाकीच्यांनी लक्षणांची वाट न पाहता रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने तपासून घ्यावीत.