‘पंच’ : नावात पाच, पेल्यात काय?

चाकण-तळेगाव रस्त्यावरील महाळुंगे परिसरात पाळी संपवून सहकाऱ्याच्या बढतीच्या मेजवानीला गेलात आणि पेयांच्या यादीत ‘पंच’ दिसले, तर क्षणभर थांबा. हे नाव इंग्रजी वाटते. परंतु बहुतेक अभ्यासक त्याचे मूळ आपल्याच ‘पाच’ या संख्येत शोधतात.

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य. १६७५ मध्ये तो जुन्नरलाही येऊन गेला. १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने नोंदवले आहे, की गोव्यातील नेरूळच्या उत्तम मद्यापासून इंग्रज लोक ‘पंच’ बनवितात आणि पाच घटकांमुळे त्यास हे नाव मिळाले. वैद्यही पाच औषधींच्या मिश्रणास संख्येवरूनच नाव देतात, असा दाखला तो देतो. काही भाषाभ्यासक मात्र या शब्दाचा संबंध मद्याच्या पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात.

हे पाच घटक म्हणजे मद्य, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला. यांतील चार आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत. पाचव्याविषयी मात्र फ्रायरने वैद्याच्या नजरेने तेव्हाच बजावले होते : हे पेय माणसास दुर्बल करणारे आहे.

धोका नेमका या मिश्रणातच दडलेला आहे. आंबट-गोड चवीमुळे मद्याचा तिखटपणा झाकला जातो आणि किती प्यायलो याचा अंदाज राहत नाही. उन्हातून किंवा भट्टीजवळून आलेल्या माणसाची तहानही त्याने भागत नाही. मद्यामुळे लघवी वाढून शरीरातील पाणी उलट कमी होते. पुढे दुचाकीवरून घरी जायचे असते! १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे गुन्हा ठरते. परंतु त्याहून कमी प्रमाणातही सावधपणा मंदावू शकतो.

म्हणून ‘यात मद्य आहे का?’ हे विचारण्यात संकोच बाळगू नका. ‘फ्रूट पंच’ असेल, तरी साखरेचे प्रमाण विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. २५ ग्रॅमपर्यंत आणल्यास अधिक हितकर.

घरच्या समारंभात पाचाचा मान राखायचाच असेल, तर पाणी, लिंबू, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घ्या. पाच घटक पूर्ण होतील आणि आजोबांपासून नातवापर्यंत सारे एकाच भांड्यातून निर्धास्तपणे पेला भरून घेतील.