बोर्ड फाईल, सूक्ष्मनियंत्रकाची

सूक्ष्मनियंत्रकाची कोणती पिन कोणत्या कामासाठी योजली आहे, यंत्र चालू होताच ती कोणत्या विद्युतीय अवस्थेत असावी आणि मंडल फलकावर ती कशाला जोडलेली आहे, ही माहिती अंतःस्थापित परिचालन प्रणालीला वापरता येईल अशा रूपात ज्या मजकुरात नोंदविलेली असते, त्यास बोर्ड फाईल म्हणतात. सूक्ष्मनियंत्रक तोच असला, तरी त्याच्याभोवतीची मंडले प्रत्येक उत्पादकाच्या फलकावर निराळी असतात. त्यामुळे परिचालन प्रणालीचा गाभा सर्वांना समाईक ठेवून फलकापुरता भाग अलग काढण्याची पद्धत रूढ झाली. पिनांची योजना सामान्यतः सूक्ष्मनियंत्रकाच्या निर्मात्याने पुरविलेल्या आलेखी साधनात तयार केली जाते. तिचे बोर्ड फाईलमध्ये रूपांतर करणे वरवर पाहता केवळ नकलनविशीचे काम वाटते, पण प्रत्यक्षात तसे नाही.

एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचा एसटीएम ३२ एफ ४०७ हा सूक्ष्मनियंत्रक व त्यावर आधारलेला एसटीएम ३२ एफ ४ डिस्कव्हरी हा फलक यांचे उदाहरण येथे सोयीचे आहे. या फलकावरील १०० पिनांच्या संपुटात ८२ पिना आदान-प्रदानासाठी मोकळ्या असतात : ए ते ई या पाच द्वारांच्या प्रत्येकी १६ आणि एच द्वाराच्या दोन. फलकावर डी द्वाराच्या १२ ते १५ या पिनांना हिरवा, नारिंगी, तांबडा व निळा असे चार प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ जोडलेले आहेत, तर ए द्वाराच्या ० क्रमांकाच्या पिनेस दाबकळ जोडलेली आहे. फलकावर या चार दिव्यांची छापील नावे अनुक्रमे एलडी ४, ३, ५ व ६ अशी आहेत. हा क्रम ध्यानात न ठेवल्यास भलताच दिवा लागतो. म्हणून बोर्ड फाईलमध्ये पिनेच्या क्रमांकाबरोबर तिचे नावही देतात.

प्रत्येक द्वाराचे नियंत्रण काही रजिस्टरांकडून होते. अवस्था ठरविणाऱ्या रजिस्टरात प्रत्येक पिनेसाठी दोन बिट असतात : ०० म्हणजे आदान, ०१ प्रदान, १० पर्यायी कार्य आणि ११ सदृश अवस्था. सोळा पिनांचे मिळून ३२ बिट होतात. डी द्वाराच्या वरच्या चार पिना प्रदान व उरलेल्या आदान ठेवल्यास षोडशमान पद्धतीत ५५०००००० ही संख्या मिळते. पर्यायी कार्य कोणते हे सांगण्यास प्रत्येक पिनेमागे चार बिट लागत असल्याने त्यासाठी दोन रजिस्टरे आहेत. ए द्वाराच्या २ व ३ या पिनांवर दुसरे क्रमिक संदेशवहन मंडल आणावयाचे असल्यास दोहोंचा कार्यक्रमांक ७ असतो व खालच्या रजिस्टरात ७७०० ही संख्या जाते. यांखेरीज प्रदानाचा प्रकार, वेग, अंतर्गत ओढ-रोधक आणि प्रारंभिक पातळी यांची स्वतंत्र रजिस्टरे असतात. चिबिओएस या परिचालन प्रणालीची बोर्ड फाईल म्हणजे मुख्यतः अशा संख्यांचा संच होय.

निर्मात्याचे क्यूबएमएक्स हे साधन मात्र पिनांची योजना निराळ्या रूपात साठविते. त्याच्या फाईलमध्ये ओळीओळीने पिनेचे नाव व तिच्यावरील संकेताचे नाव असते, कार्यक्रमांक नसतो. तो साधनाबरोबर येणाऱ्या एक्सएमएल सारण्यांतून शोधावा लागतो. शिवाय गृहीत मूल्ये फाईलमध्ये लिहिली जात नाहीत, आणि खरी अडचण येथेच उद्‌भवते. डिस्कव्हरी फलकावरील ध्वनिमंडल बी द्वाराच्या ६ व ९ या पिनांवरील आय-टू-सी या दुतारी वाहिनीने जोडलेले आहे. या वाहिनीवर कोणत्याही घटकाने तार केवळ शून्य पातळीकडे ओढावयाची असते. वर नेण्याचे काम रोधक करतो. यास्तव पिना खुल्या निस्सारकाच्या प्रकारच्या असणे आवश्यक असते. फाईलमध्ये याचा उल्लेख नसतो, म्हणून रूपांतरक जर नेहमीचा ढकल-ओढ प्रकार गृहीत धरून चालला, तर ध्वनिमंडल तार खाली ओढत असताना सूक्ष्मनियंत्रक तीच वर ढकलतो. मग संदेशवहन बिघडते आणि दोन्ही घटकांतून अवाजवी प्रवाह जातो.

याहून अधिक घातक चूक उल्लेख नसलेल्या पिनांच्या बाबतीत होते. क्यूबएमएक्सने निर्माण केलेला प्रोग्रॅम या मालिकेत सामान्यतः केवळ वापरातील पिनांना हात लावतो, बाकीच्या पिना पुनःस्थापनानंतरच्या मूळ अवस्थेत राहतात. चिबिओएस मात्र द्वाराचे संपूर्ण रजिस्टर एकदम लिहिते. ए द्वाराच्या अवस्था रजिस्टराचे मूळ मूल्य ए८०००००० असे असते, कारण १३, १४ व १५ या पिना दोषशोधक उपकरणासाठी राखलेल्या असतात. वरील संदेशवहनाच्या दोन पिना मिळविल्यावर ते ए८००००ए० व्हावयास हवे. योजनाकाराने दोषशोधनाच्या पिना आलेखात दर्शविल्या नसतील व रूपांतरकाने न दिलेल्या पिना आदान मानल्या, तर ००००००ए० लिहिले जाते आणि प्रोग्रॅम सुरू होताक्षणी उपकरणाचा संपर्क तुटतो. चिप निकामी झालेली नसते. पुनःस्थापनाची तार खाली धरून संपर्क जोडल्यास किंवा बूट ० ही पिन उच्च पातळीवर ठेवून कायम स्मृतीतील आरंभक प्रोग्रॅम चालविल्यास ती पुन्हा हाती येते. पण बंद पेटीत बसविलेल्या उपकरणाच्या बाबतीत हा उपाय सोपा नसतो. उल्लेख नसलेल्या पिनेसाठी शून्य न घेता मूळ मूल्य घेणे हाच रूपांतरकाचा सुरक्षित नियम होय. मूळ मूल्यात ओढ-रोधकही आले : ए द्वारासाठी ते ६४०००००० आहे.

न वापरलेल्या पिना मोकळ्या आदान म्हणून सोडणे इष्ट नसते. तरंगत्या पातळीमुळे आदान मंडल मधल्या दाबावर राहून प्रवाह खाते. त्यामुळे त्यांना अंतर्गत रोधकाने (सुमारे ४० किलोओहम) वर ओढतात किंवा सदृश अवस्थेत ठेवतात.

रजिस्टरे लिहिण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. चिबिओएसमध्ये प्रारंभिक पातळी आधी व अवस्था सर्वांत शेवटी लिहिली जाते. हा क्रम उलटा केल्यास उच्च पातळीवर असावयाची पिन क्षणभर खाली जाते आणि तिला जोडलेला रिले किंवा मोटरचालक तेवढ्यात कार्यान्वित होऊ शकतो.

एका मालिकेसाठीचा रूपांतरक दुसरीस चालेलच असे नाही. २००७ मध्ये आलेल्या एसटीएम ३२ एफ १ मालिकेत प्रत्येक पिनेची अवस्था व प्रकार चार बिटांत एकत्र असतात आणि पर्यायी कार्ये पिनवार न बदलता गटाने हलवावी लागतात.

लिनक्समध्ये आर्म प्रक्रियकांच्या प्रत्येक फलकासाठी सी भाषेतील वेगळी फाईल लिहिण्याची प्रथा इतकी फोफावली की, २०११ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी तिच्याविषयी उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर त्या क्षेत्रात उपकरण-वृक्ष या वर्णनपद्धतीचा अवलंब झाला. तिचे मूळ १९९४ च्या आयईईई १२७५ या मानकात आहे. २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनने पुढे आणलेल्या झेफिर या प्रणालीतही हीच पद्धत आहे. परंतु तेथे वृक्षाचे रूपांतर प्रोग्रॅम संकलित होतानाच सी भाषेतील व्याख्यांत होते, यंत्रात वृक्ष उरत नाही. एसटीएम ३२ च्या पिनांची वर्णने झेफिरमध्ये हाताने न लिहिता निर्मात्याने खुल्या केलेल्या एक्सएमएल सारण्यांवरून तयार केली जातात. पिना एकेक करून बसविल्या जात असल्यामुळे वृक्षात न आलेल्या पिनेची मूळ अवस्था तेथे अबाधित राहते.