हौसेची पंधरा वर्षे

‘हौशी’ या शब्दाला मराठीत थोडी उपेक्षेची छटा चिकटली आहे. जो पोटासाठी एखादे काम करीत नाही त्याचे काम कच्चेच असणार, असे आपण गृहीत धरतो. खगोलशास्त्राचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. प्रशियातील द्रीझेन या लहानशा गावी राहणाऱ्या, टपालखात्यात नोकरी केलेल्या कार्ल लुडविग हेन्के यांचे चरित्र याची साक्ष आहे.

१ जानेवारी १८०१ रोजी पिआझ्झी यांना मंगळ व गुरू यांच्यामधील अवकाशात ‘सेरेस’ सापडला. १८०७ पर्यंत पॅलस, जूनो व व्हेस्टा यांची त्यात भर पडली. पुढे मात्र शोध थांबला. असे लघुग्रह चारच असावेत, अशी बहुतेकांची धारणा झाली आणि वेधशाळा आपल्या नेमून दिलेल्या कामांकडे वळल्या.

सुमारे १८३० पासून हेन्के यांनी एकट्याने हा शोध पुन्हा हाती घेतला. काम दिसावयास सोपे, पण चिकाटीची परीक्षा पाहणारे होते. दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखाच दिसतो. त्याची ओळख पटते ती केवळ त्याच्या गतीमुळे. छायाचित्रणाची मदत त्या काळी नव्हती. तेव्हा आकाशाच्या एकेका तुकड्यातील अंधुक ताऱ्यांचीही नोंद करावयाची आणि पुन:पुन्हा तोच तुकडा पाहून नवागत कोणी आला आहे काय हे ताडून पाहावयाचे, हाच मार्ग होता. बर्लिन अकादमीचे तारानकाशे त्यांना आधाराला होते.

पंधरा वर्षे हाती काहीच लागले नाही. अखेर ८ डिसेंबर १८४५ रोजी, वृषभ राशीत व्हेस्टाचा वेध घेत असता, नकाशात नसलेला एक अंधुक ठिपका त्यांना दिसला. त्यांनी बर्लिनच्या वेधशाळेला कळविले. तेथील निरीक्षकांनी १४ डिसेंबरला तो पाहिला. ठिपका सरकत होता. अडतीस वर्षांनी सापडलेल्या या पाचव्या लघुग्रहाला ‘अ‍ॅस्ट्रिया’ हे नाव मिळाले. १ जुलै १८४७ रोजी हेन्के यांनीच सहावा, ‘हेबी’, शोधला. बंद पडलेली वाट मोकळी झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये हिंड यांनी आणखी दोन लघुग्रह शोधले आणि १८६८ मध्ये या संख्येने शंभरी ओलांडली.

हे काम वेधशाळांना अशक्य होते असे नव्हे. परंतु पंधरा वर्षांच्या निष्फळ रात्रींचा हिशेब वरिष्ठांपुढे कोणता संचालक ठेवू शकला असता? हौशी माणसाला तो हिशेब कोणाला द्यावयाचा नसतो. हेन्के यांचे सामर्थ्य या मोकळिकीत होते. पण मोकळीक म्हणजे ढिलाई नव्हे. नकाशातील एक तारा जरी चुकीच्या जागी नोंदविला गेला असता, तरी शोधाचा भ्रम झाला असता. म्हणूनच त्यांनी आपली नोंद इतरांच्या तपासणीसाठी खुली केली.

आज ज्ञात लघुग्रहांची संख्या तेरा लाखांच्या वर गेली असून बहुतेक नवे शोध स्वयंचलित दुर्बिणींचे असतात. व्यक्तीचा वाव आक्रसला हे खरे. तो संपलेला नाही. सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला ज्ञात धूमकेतू ऑगस्ट २०१९ मध्ये क्रिमियातून गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने, स्वतः बनविलेल्या दुर्बिणीतून शोधला.

प्रत्येक उद्योगाचे मोल त्याच्या वेतनावरून आणि तत्काळ फलावरून ठरविण्याची सवय समाजाला जडली, की अशा माणसांना जागा उरत नाही. १८४४ साली हेन्के यांचे मूल्यमापन झाले असते, तर चौदा वर्षे वाया गेली, असाच शेरा मिळाला असता. तो शेरा लिहिणारा कोणी नव्हता, हे खगोलशास्त्राचे भाग्य होय.