एका मीटरवर तीन चुली

स्वारगेटच्या जेधे चौकात संध्याकाळी जरा थांबून पाहावे. जमिनीखालून मेट्रो येते-जाते. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाला. वर रस्त्यावर पीएमपीच्या विजेवरच्या बस आवाज न करता वळतात. एसटी स्थानकाबाहेर रसवंती, मोबाइलची दुकाने, दवाखान्यांच्या पाट्या, सगळे झगमगत असते. इथून दहा मिनिटे चालले की घोरपडे पेठेतले आमचे घर.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका रात्री याच घरात धाकट्या भावाच्या खोल्यांत अंधार झाला. गल्लीत दिवे होते, समोरच्या घरात टीव्ही चालू होता. लाइट गेलेली नव्हती. भाईजाननी, म्हणजे आमच्या थोरल्या भावाने, फ्यूज काढून खिशात ठेवला होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीचा नववीचा गणिताचा पेपर होता.

मीटर अब्बांच्या नावावर. अब्बा जाऊन नऊ वर्षे झाली. मीटर एक, चुली तीन, आणि बिल आले की तिघांत समान वाटणी. त्या महिन्याचे बिल पाहून भाईजान भडकले. "धाकट्याची बायको दिवसभर शिलाई मशीन चालवते, तिचे पैसे आम्ही का भरायचे?" धाकटा म्हणाला, "तुमचा कूलर रात्रभर चालतो, ते कोण बोलणार?" आम्ही मधले. दोघांना समजावत होतो आणि मनातल्या मनात स्वतःला निर्दोष ठरवत होतो. त्या रात्री मुलीने आमच्या खोलीत बसून अभ्यास केला. दोघे भाऊ मात्र महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत.

त्या भांडणाचे मूळ असे की कोण किती वीज वापरतो हे कुणालाच ठाऊक नव्हते. ज्याला जसे वाटले तसे तो बोलत होता. पुढे या विषयावर थोडे वाचन केले, तेव्हा लक्षात आले की आपल्या राज्याच्या वीज कारभाराला वर्षानुवर्षे हाच आजार होता. वीजसुधारणा म्हणजे कंपनी सरकारी असावी की खासगी, एवढाच वाद आपण ऐकतो. त्याच्या आधीचा प्रश्न हिशेबाचा आहे. वीज कुठे गेली, कुणी वापरली, पैसे कुणी भरले, आणि हे सगळे लोकांसमोर मांडले का?

बंद दाराआडचा करार

1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. गावोगावी तारा नेण्याचे मोठे काम मंडळाने केले, हे विसरू नये. पण शेतीपंपांपैकी बहुतेकांना मीटर नव्हते. पंप किती अश्वशक्तीचा आहे ते पाहून ठरावीक रक्कम आकारली जाई. पंपाने प्रत्यक्षात किती वीज घेतली हे अंदाजाने लिहायचे. मग चोरीत गेलेली, तारांत वाया गेलेली वीजही त्याच अंदाजात बसवता येई. कागदावर शेतकरी जास्त वीज वापरताना दिसे आणि गळती कमी दिसे.

अशात नव्वदच्या दशकात परकी भांडवलाचे वारे आले. भारतासारख्या अनेक विकसनशील देशांना जागतिक बँकेसारख्या संस्था सांगत होत्या की वीज मंडळे मोडा, खासगी कंपन्या आणा. महाराष्ट्राने डिसेंबर 1993 मध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला. त्यासाठी स्पर्धात्मक निविदा मागवल्या नव्हत्या. मंडळाने वीज घेतली किंवा नाही घेतली तरी मोठी रक्कम द्यावी लागेल आणि ती डॉलरशी बांधलेली असेल, अशा अटी होत्या. खुद्द जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. पुण्यातल्या 'प्रयास' संस्थेच्या अभ्यासकांनी आकडे मांडून हा करार कसा महाग पडेल ते सांगितले. पण करार आधी झाला, चर्चा नंतर. 1999 साली गुहागर तालुक्यातून वीज यायला लागली आणि 2001 मध्ये मंडळाने ती घेणे बंद केले, कारण परवडेना. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेत एन्रॉन कंपनी दिवाळखोरीत गेली.

पुण्याने केलेला सौदा

1999 मध्ये महाराष्ट्रात वीज नियामक आयोग आला. दर ठरवण्याआधी जाहीर सुनावणी घेणे सुरू झाले. ग्राहक संघटना, उद्योजक, शेतकरी, अगदी एखादा सामान्य माणूसही उठून प्रश्न विचारू लागला. या सुनावण्यांतून गळती पूर्वी सांगितली जात होती त्याहून कितीतरी अधिक असल्याचे बाहेर आले. पुढे 2003 चा वीज कायदा आला आणि जून 2005 मध्ये मंडळाचे विभाजन झाले. वीज बनवायला महानिर्मिती, दूरवर वाहून न्यायला महापारेषण, घराघरांत पोहोचवायला महावितरण, आणि त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी.

नावे बदलली तरी अंधार हटला नाही. बी.एड. होऊन आम्ही नुकतेच शिकवायला लागलो होतो ते दिवस भारनियमनाचे होते. शाळेत पंखे बंद, घरी परतलो की घरही अंधारात, वह्या तपासायच्या त्या मेणबत्तीच्या उजेडात.

2006 मध्ये पुण्याने एक वेगळी वाट काढली. शहराला कमी पडणारी वीज फार नव्हती. इथल्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते. टंचाईच्या वेळी कारखान्यांनी ते चालवावेत, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यावी, आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांनी थोडा थोडा उचलावा, असा हा सौदा. उद्योजकांची संघटना, महावितरण आणि 'प्रयास' यांनी तो मांडला, आयोगाने त्यावर जाहीर सुनावणी घेतली. महिना 300 युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांवर हा जादा आकार टाकला नाही. जूनपासून पुण्यातले भारनियमन थांबले.

हा काही कायमचा इलाज नव्हता आणि डिझेलचा धूर काही चांगला नव्हे. खेडी अंधारात असताना शहराने पैसे देऊन उजेड घ्यावा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता. तरी फरक पाहा. एन्रॉनच्या वेळी लोकांना किंमत नंतर कळली. पुण्यात किंमत आधी सांगितली गेली, ती कोण देणार हेही सांगितले गेले, आणि लहान घर त्यातून वगळले गेले.

भिवंडीचा धडा

आपल्या समाजातील हजारो कुटुंबे यंत्रमागावर जगतात. त्यामुळे भिवंडीची गोष्ट समजून घ्यायला हवी. तिथे पुरवलेल्या विजेपैकी सुमारे निम्म्या विजेचे पैसे येत नव्हते. जानेवारी 2007 मध्ये तिथले वितरण टोरंट कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिले गेले. कंपनीने महावितरणकडून वीज घ्यायची, लोकांना द्यायची, वसुली करायची; दर मात्र आयोगाने ठरवलेलेच. गळती खूप खाली आली, रोहित्रे आणि तारा सुधारल्या. त्याचबरोबर बिलांविषयी आणि मीटरविषयी तक्रारी झाल्या, मोर्चे निघाले.

हेच सूत्र जळगाव, औरंगाबाद आणि नागपूरलाही वापरले गेले. तिथे ते करार मुदतीआधीच संपले. म्हणजे खासगी आले की सगळे सुधारते हेही खरे नाही, आणि सरकारी म्हणून सगळे गरिबाच्या बाजूचे असते हेही नाही.

एक गोष्ट आपणही मान्य करायला हवी. तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज फुकट नसते. तिचे पैसे त्याच गल्लीतली प्रामाणिकपणे बिल भरणारी विधवा देत असते, कारण तोटा शेवटी दरात येतो. हा शेजाऱ्याचा हक्क मारणेच आहे. कंपनीवर राग आहे म्हणून शेजाऱ्याच्या खिशात हात घालता येत नाही.

शेतीच्या विजेचेही असेच. 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. शेतकऱ्याला मदत मिळायलाच हवी. पण मोफत म्हणजे कुणीतरी भरलेली: काही सरकारच्या तिजोरीतून, काही उद्योग आणि दुकानांच्या चढ्या दरातून. याहून टिकाऊ वाटते ती 2017 मध्ये सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजना. गावाजवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीला दिवसा वीज द्यायची. रात्री दोन वाजता साप-विंचवांत पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला विचारा, दिवसाच्या विजेचे मोल काय ते.

आमच्या घरात काय झाले?

त्या अंधाराच्या रात्रीनंतर महिन्याने अम्मींनी तिघांना बसवले. इलेक्ट्रिशियनला बोलावून प्रत्येकाच्या खोल्यांना साधे सब-मीटर लावले. महिन्याने आकडे आले. भाईजान 102 युनिट, धाकटा 62, आणि आम्ही 121. एकूण 285. जिच्या शिलाई मशीनवरून एवढे रामायण झाले तिचे घर सर्वांत कमी वीज वापरत होते, आणि दोघांना समजावणारे आम्ही सर्वांत जास्त. आमचा जुना फ्रीज वीज खात होता आणि पाण्याची मोटरही आमच्याच तारेवर होती. त्या दिवशी मान खाली घालायची पाळी आमची होती.

मग बिलाचे टप्पे समजून घेतले. पहिल्या 100 युनिटांना एक दर, 101 ते 300 ला त्याच्या जवळपास दुप्पट, पुढे आणखी चढता. कमी वापरणाऱ्याला दिलासा मिळावा म्हणून ही रचना. पण तीन घरे एका मीटरवर असली की दिलासा एकाच घराएवढा मिळतो. आमच्या 285 पैकी 185 युनिटांना दुप्पट दर लागत होता. तीन मीटर असते तर फक्त 23 युनिटांना लागला असता. स्थिर आकार तीनदा भरावा लागतो, तरी बचत होतेच. पेठांतल्या जुन्या घरांत, चाळींत, भाड्याच्या खोल्यांत कितीतरी कुटुंबे गरिबांसाठीची ही सवलत अशीच गमावत असतील.

भाईजान वेगळ्या मीटरला तयार नव्हते. "आज मीटर वेगळा, उद्या भिंत उभी राहील," म्हणाले. अम्मी एवढेच बोलल्या, "बेटा, भिंत तर त्या रात्री फ्यूज काढलास तेव्हाच उभी राहिली. हिशेब वेगळा होऊ दे, दस्तरखान एकच राहील." वारसाचे कागद, स्वतंत्र राहण्याचे आणि स्वतंत्र स्वयंपाकघराचे पुरावे जमवायला वेळ लागला. आता जिन्याखाली तीन मीटर आहेत. जुम्म्याचे दुपारचे जेवण अजून एकत्रच होते.

वाचकांनी काय करावे?

बिल आले की रक्कम पाहण्याआधी युनिट पाहा, आणि रीडिंग प्रत्यक्ष घेतलेले आहे की सरासरीचे, ते तपासा. मीटरबद्दल शंका असेल तर शुल्क भरून तो तपासून घेता येतो. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी 15 दिवसांची लेखी नोटीस देणे कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत.

नव्या मीटरना आता वेळही कळते. 2025 मध्ये असे टीओडी मीटर असलेल्या घरांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरासाठी सवलत लागू झाली, कारण तेव्हा सौर वीज भरपूर असते. इस्त्री, मोटर, शिलाई दिवसा उरकली तर फायदा आपलाच. स्वतःचे छप्पर असेल तर केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या सौर संचाला 78 हजार रुपये अनुदान आहे. आमच्यासारख्या दाट वस्तीत छपराची मालकी आणि सावली हे दोन अडथळे येतात, म्हणून अनुदानाचा आकडा पाहून घाई करू नये.

आणि दरवाढीची सुनावणी जाहीर होते तेव्हा दोन ओळींची का होईना, हरकत पाठवा. तिथे उद्योगांचे वकील हजर असतात. ज्यांच्या घरात एका मीटरवर तीन चुली पेटतात, त्यांनी कागदच पाठवला नाही तर त्यांचा हिशेब तिथे कोण मांडणार?