श्वासाची वाट (भाग ५) : आवाज गेलेला नसतो

गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची नळी का आणि कशी बसवतात, हे मागच्या भागात पाहिले. त्यानंतर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'आता आवाज कायमचा गेला का?' बहुतेकदा तसे नसते. स्वरतंतू शाबूत असतात, पण त्यांच्यापर्यंत हवाच पोहोचत नाही. नळी स्वरयंत्राच्या खाली बसवलेली असल्याने श्वास तिथूनच आत येतो आणि तिथूनच बाहेर जातो.

नळीच्या तोंडावर बोट ठेवून श्वास सोडला, तर हवा वर वळू शकते. पण ज्याचा हातच हलत नाही, त्याने काय करायचे? अमेरिकेतल्या डेव्हिड म्यूर यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांना स्नायू क्षीण होत जाण्याचा आजार होता. १९८४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, श्वास बंद पडून ते व्हेंटिलेटरवर गेले. पुन्हा बोलता यावे म्हणून त्यांनी स्वतःच एक झडप शोधून काढली. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. व्हिक्टर पासी या शल्यचिकित्सकाच्या आणि त्यांच्या नावाने 'पासी-म्यूर व्हॉल्व्ह' आज जगभर वापरला जातो.

नळीच्या तोंडावर बसणारी ही झडप एकमार्गी असते. श्वास घेताना तिचा पडदा उघडतो, सोडताना बंद असतो. अडलेली हवा नळीच्या कडेने वर चढते, स्वरतंतूंना कंप देते आणि नाका-तोंडातून बाहेर पडते. हवा पुन्हा वरून वाहू लागल्याने वास येऊ लागतो, खोकल्याला जोर येतो आणि अनेकांना गिळणेही सोपे जाते.

मात्र इथेच सर्वांत मोठा धोका आहे. अनेक नळ्यांना श्वासनलिकेत फुगणारा फुगा असतो. तो फुगलेला असताना झडप लावली, तर श्वास आत जाईल. बाहेर पडायला वाटच उरणार नाही आणि रुग्ण गुदमरेल. म्हणून आधी सक्शन करून फुग्यातली हवा पूर्ण काढायची, मगच झडप लावायची. फोमचा फुगा असलेल्या नळीवर ती लावायचीच नाही. नळीच्या वर श्वासमार्ग अरुंद असेल किंवा स्वरयंत्रच काढलेले असेल, तर ती उपयोगाची नाही.

सुरुवातीला झडप काही मिनिटेच लावतात. डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट ऑक्सिजन, नाडी आणि चेहऱ्यावरचा ताण पाहत असतात. श्वास सोडताना घरघर झाली किंवा जीव घाबरला, तर झडप लगेच काढायची. मग कारण शोधायचे. कधी नळीच जाड असते, बारीक घातली की प्रश्न सुटतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णालाही झडप लावता येते, पण यंत्राच्या सेटिंग्ज डॉक्टरांनीच बदलायच्या.

घरी तीन नियम पाळा : झोपताना झडप काढा, नेब्युलायझर देताना काढा, आणि ती धुताना साबण व कोमट पाणीच वापरा, उकळू नका.

पुढील भागात : नळी असताना तोंडाने खाणे कधी सुरू करावे?